तसं काही वाटत नाही

येरवडा, पुणे
४ ऑगस्ट २०२५

भूषण,

'प्रिय' लिहून खोडलं. खोडाखोड केलेलं पत्र पाठवायला नको म्हणून दुसरा कागद घेतला. एवढी सभ्यता अजून शिल्लक आहे.

तू फोन उचलत नाहीस. मेसेज केला की 'नंतर बोलू', एवढंच. नागपूरला तुझ्या चुलतभावाला, प्रज्ञेशदादांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "उत्कर्षा, तो नीट पोचलाय. इथल्या हॉस्पिटलात डायलिसिसची सोय लावून दिली. पण माझ्याशीसुद्धा बोलत नाही. खिडकीपाशी बसून असतो." म्हणून पत्र. पत्र मध्येच कट करता येत नाही. फाडता येतं, पण त्यासाठी आधी हातात घ्यावं लागतं.

आईंना आणि आम्रपालीला मी सांगितलंय की नागपूरच्या डॉक्टरांचं मत घ्यायला दादांनी तुला बोलावून घेतलं. तुझ्या आईचा यावर विश्वास बसलाय. आपल्या मुलीचा नाही. ती वीस वर्षांची आहे, तिला घरातलं सगळं न सांगता कळतं. त्यामुळे खरं काय झालं ते निदान एका ठिकाणी तरी लिहिलेलं असावं.

त्या दुपारी तू डायलिसिसहून येऊन पलंगावर पडला होतास. मी ऑफिसातून अर्धी रजा टाकून रिपोर्ट आणायला गेले होते. जुळलं होतं सगळं. प्रत्यारोपणाचं कामकाज बघणाऱ्या कुसुम मॅडम म्हणाल्या, "नवरा-बायकोचं इतकं चांगलं जुळलेलं मी क्वचित बघते." रिक्षात मला हसू येत होतं. पेढे घ्यावेत असं वाटलं, तुला चालत नाहीत म्हणून घेतले नाहीत.

तू रिपोर्ट वाचलास. घडी घातलीस आणि उशाशी ठेवलास.

"मी हे घेणार नाही," म्हणालास.

"घाबरलास?"

"नाही. उत्कर्षा, मला तुझ्याबद्दल आता तसं काही वाटत नाही. बरीच वर्षं झाली. हडपसरला मी एक खोली बघून ठेवली होती. उन्हाळ्यात तुला सांगणारच होतो, तेवढ्यात हे दुखणं निघालं. जिला सोडून निघालो होतो तिचीच किडनी पोटात घालून मी कसा जगू?"

यावर मी काय म्हणाले आठवतंय? "चहा टाकू का?" तुला अर्धा कप चालतो म्हणून अर्धाच केला. तू तो प्यायलास. दुसऱ्या दिवशी बॅग भरलीस.

पण एक सांगते. तुझी तपासणी झाली आहे, माझ्या अजून बऱ्याच व्हायच्या आहेत. त्या मी करून घेणार आहे. घ्यायचं की नाही ते तू ठरव. पण उत्कर्षामुळे अडलं, असं उद्या कुणी म्हणायला नको.

पाणी मोजून पी. दादांकडे वहिनी आग्रहाने ताक देतात, ते घेऊ नकोस.

उत्कर्षा


येरवडा
२१ ऑगस्ट

भूषण,

उत्तर आलं नाही. दादा म्हणाले, पत्र मिळालं, तू वाचलंस, आणि उशीखाली ठेवलंस. ठीक आहे.

सध्या माझे फार लाड चालू आहेत. सकाळी आई माझ्याआधी उठतात. मी ओट्यापाशी गेले की मला बाजूला सारतात. "तू बस. तुला ताकद पाहिजे." परवा गुडघे दुखत असताना बाजारात जाऊन डाळिंबं घेऊन आल्या आणि दाणे सोलून वाटी माझ्या हातात दिली. आपल्या लग्नाला बावीस वर्षं झाली. या बाईने मला कधी फळ सोलून दिल्याचं आठवत नाही. मी पहिला घास घेतला आणि मनात आलं, बळी द्यायच्या आधी बकऱ्याला असंच चारत असतील.

वाईट आहे ना हा विचार? पण आला. त्या माझ्या पोटाकडे बघतात, भूषण. बोलता बोलता नजर खाली जाते. त्यांचा मुलगा तिथे आहे, त्यांना दिसतो. मला त्यांचा राग येत नाही. मला त्यांची भीती वाटते, कारण मी 'नाही' म्हणायला मोकळी आहे असं आता या घरात कुणालाच वाटत नाही.

आम्रपालीला सगळं कळलंय. तिने विचारलं, "बाबा किडनी नको म्हणाला ना? का?" मी म्हणाले, "तुझ्या बाबाला कुणाचं घ्यायला आवडत नाही." ती म्हणाली, "आई, प्लीज. खोटं बोलायचं तर जरा प्रॅक्टिस करून बोल."

गणपती जवळ आले. तपकीर गल्लीतून गेले होते. तुझ्या दुकानाचं शटर बंद बघून दोन मंडळांची माणसं तिथेच उभी होती. जयंतीला आणि गणपतीला अर्ध्या पेठेचे अ‍ॅम्प्लिफायर तुझ्या हातून जातात, हे त्यांना या वर्षी कळतंय. मला विचारत होते, "बुद्धभूषणभाऊ कधी येणार?" मी म्हणाले, "तुम्हाला कळलं तर मलाही सांगा." हसले बिचारे. त्यांना विनोद वाटला.

मग शटरपाशी उभी राहून मला ते सगळं आठवलं. मी भंडाऱ्याहून शिकायला आलेली, हॉस्टेलवर राहणारी, आणि तू कॉलेजच्या गॅदरिंगला साऊंड लावायला आलेला. नंतर रोज काहीतरी निमित्त काढून मी त्या दुकानात यायची. तू सोल्डरिंग करायचास आणि मी वायर धरून बसायची. तुझी बोटं माझ्या बोटांच्या इतकी जवळ असायची की मला दरदरून घाम फुटायचा. हॉस्टेलवर गेल्यावर हाताला सोल्डरच्या राळेचा वास यायचा, तो जाऊ नये म्हणून मी हात न धुता जेवायची. बाबांनी घर बंद केलं, पोलिसांत गेले, तरी मला एक क्षणही वाटलं नाही की आपण चुकतोय. तशी आग होती ती.

गेली कुठे?

मी खूप आठवून बघितलं. एखाद्या दिवशी गेली असती तर कळलं असतं. भांडणात गेली असती तरी कळलं असतं. पण कढत पाणी निवतं तशी ती निवली. मध्ये कधीतरी हात घातला तर कोमट लागली. मग आम्रपालीची शाळा, तुझ्या बाबांचं आजारपण, आईंचे गुडघे. पुढे कधीतरी आपण रात्री एकमेकांकडे पाठ करून गॅस सिलेंडर लावलाय की नाही यावर बोलायला लागलो आणि तेवढं बोलून झोपायला लागलो. आणि मला झोप चांगली लागायची, भूषण.

म्हणजे आता खरं सांगते. मलाही तसं काही वाटत नाही. बरीच वर्षं. मला राग आला तो तू बोललास त्याचा नाही. जे दोघांचं होतं ते तू एकट्याने बोलून टाकलंस, आणि बोलून वर सज्जनही ठरलास. मी मात्र घरात चहाचा कप घेऊन उभी राहिले, कुणीतरी टाकून दिल्यासारखी.

पण मग हेही सांग. मलाही तसं काही वाटत नाही, तर आपलं जुळलं म्हणून रिक्षात मला हसू का येत होतं?

उत्कर्षा


येरवडा
९ सप्टेंबर

भूषण,

बाबा येऊन गेले. माझे बाबा. बस आणि मग वाच.

कुसुम मॅडम म्हणाल्या होत्या की बायको दाता असेल तर तिच्यावर सासरचा दबाव नाही ना, हे दुसऱ्या कुणीतरी येऊन सांगावं लागतं. माहेरचं माणूस असेल तर उत्तम. मी म्हणाले, माहेर नाही. त्या म्हणाल्या, "नाही म्हणजे वारले सगळे?" मी म्हणाले, "नाही, आहेत." मग त्यांनी पुढचा फॉर्म माझ्यापुढे सरकवला.

माझी आई गेली तेव्हा मी भंडाऱ्याला जाऊन आले होते, तुला माहीत आहे. तेव्हासुद्धा बाबा माझ्याशी बोलले नव्हते. त्यामुळे मी आमोदला फोन केला, भाऊ म्हणून तो तरी येईल. तो म्हणाला, ताई, बघतो. आणि विसर्जनानंतर दारात बाबा उभे. एकटेच. हातात कापडी पिशवी. इतके वाळलेत की मी आधी ओळखलंच नाही.

आई बाहेर आल्या. त्यांनी बाबांना कधी पाहिलेलं नव्हतं, पण ओळखलं. आमच्या दारात पोलीस धाडणारा माणूस तूच ना, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. त्या आत गेल्या, पेला भरून आणला, टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "पाणी हाय. आमच्या हातचं चालत असंल तर प्या. न्हाईतर खाली दुकानात बाटली मिळती."

मी खुर्ची पुढे सरकवली.

बाबा म्हणाले, "तांब्या आणा. लांबून आलोय, पेल्याने काय होतंय."

आईंनी तांब्या आणला. बाबांनी उभ्या उभ्या अर्धा संपवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही हॉस्पिटलात जायला निघालो. रिक्षात त्यांनी विचारलं, "तो कुठे आहे?"

"नागपूरला."

"उपचारासाठी?"

मला प्रॅक्टिस नाही, तुझी मुलगी म्हणते तसं. मी सगळं सांगून टाकलं. हडपसरची खोलीही.

बाबा म्हणाले, "ज्याच्यासाठी आम्हाला सोडलंस त्याने तुला सोडलं. आणि तू त्याला स्वतःचा अवयव देणार. प्रेम आहे म्हणून?"

"माहीत नाही, बाबा."

"हे उत्तर झालं नाही." मुख्याध्यापक होते, सवय जात नाही.

मी म्हणाले, "तो जिन्यात मध्येच थांबला की मला वर स्वयंपाकघरात कळतं तो कशासाठी थांबलाय. दम लागलाय, की शेजारच्यांशी बोलतोय, की घरात यायचंच नाहीये म्हणून थांबलाय. आवाज ऐकून कळतं. असं मला जगात दुसऱ्या कुणाचंही कळत नाही. याला काय म्हणतात ते तुम्ही सांगा."

बाबा म्हणाले, "मला नाही सांगता येणार. तुझी आई विहिरीवर घागर भरून झाली तरी उभी राहायची. मी गॅलरीतून बघायचो. का उभी राहते, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी विचारलंही नाही."

हॉस्पिटलात कुसुम मॅडमनी त्यांना वेगळं बसवलं, पण दार उघडंच होतं. त्यांनी विचारलं, "तुमच्या मुलीवर नवऱ्याचा, सासूचा, कुणाचा काही दबाव आहे?"

बाबा म्हणाले, "माझ्या मुलीने आजवर दबावाखाली काहीही केलेलं नाही. हे मला फार उशिरा कळलं."

सही केली. बाहेर आल्यावर बाकावर बसले. म्हणाले, "तेव्हा पोलिसांत मी याच्या बरोबर उलट लिहून दिलं होतं. मुलीवर जबरदस्ती झालीय म्हणून. तेव्हाही सही माझीच होती."

मी त्यांच्या शेजारी बसले. रडले नाही. तेही नाही. मग ते म्हणाले, "दे किंवा नको देऊ. पण जिंकायला म्हणून देऊ नकोस. तू लहानपणापासून हट्टी आहेस."

हे मला लागलं, भूषण. कारण त्यात खरं होतं. काही दिवस असे जातात की मला तुला जगवायचंच असतं ते तू आयुष्यभर माझ्याकडे मान वर करून बघू नयेस म्हणून. तुला त्याचीच भीती वाटत असेल तर ती खोटी नाही. पण सगळे दिवस तसे नसतात. बरेचसे दिवस मी फक्त भाजी चिरत असते, आणि वाटतं, हा असावा. काही करू नये, काही बोलू नये, त्याला माझ्याबद्दल काही वाटूही नये. पण असावा.

आता एक शेवटचं स्कॅन राहिलंय, किडनीला जाणाऱ्या रक्तवाहिन्यांचं. पुढच्या आठवड्यात. त्यानंतर प्रत्यारोपणाला परवानगी देणाऱ्या समितीपुढे तुला स्वतःला यावं लागेल. तुझ्याऐवजी मी जाऊ शकत नाही.

उत्कर्षा


येरवडा
१७ सप्टेंबर

भूषण,

स्कॅन झालं. रिपोर्ट यायचाय.

इकडे सगळं ठीक. आईंचे गुडघे तसेच. आम्रपालीची परीक्षा चालू आहे. तुझी तब्येत सांभाळ. दादांना नमस्कार.

उत्कर्षा


येरवडा
२४ सप्टेंबर

भूषण,

मागचं पत्र खोटं होतं. ते लिहीत होते तेव्हा रिपोर्ट माझ्या पर्समध्येच होता.

मला किडनी देता येणार नाही.

डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. किडनीकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या सरळ नळीसारख्या असायला हव्यात. माझ्या दोन्हीकडच्या मण्यांच्या माळेसारख्या दिसतात, मध्येच अरुंद, मध्येच फुगलेल्या. असं काही बायकांमध्ये असतं, म्हणाले, आणि बऱ्याचदा असं दुसऱ्याच कशासाठी तरी तपासताना सापडतं. मी म्हणाले, त्यातल्या त्यात बरी जी असेल ती काढा. ते म्हणाले, "बाई, तुम्हाला दोन्ही लागणार आहेत. तुमचं ब्लडप्रेशरही आता आम्हाला बघत राहावं लागेल." मी वाद घातला. चक्क भांडले. कुसुम मॅडमनी मला हाताला धरून बाहेर आणलं.

तुला हे लगेच लिहिता आलं नाही, कारण किडनी देण्यासारखी होती तोवर तुला पत्र लिहायला माझ्याकडे कारण होतं. आता कशाच्या जोरावर लिहू? बाबा म्हणाले होते जिंकायला देऊ नकोस. घ्या. हरले.

घरी सांगितल्यावर दोन दिवस आई माझ्याआधी उठल्या नाहीत. मला वाटलं, झालं, डाळिंबं संपली. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर त्या घरात नव्हत्या. एकट्या बसने हॉस्पिटलात गेल्या होत्या. कुसुम मॅडमच्या टेबलापुढे जाऊन म्हणाल्या, "माझी घ्या. म्हातारी आसंल, पर कधी दवाखाना बघितलेली न्हाई." मॅडमनी त्यांना समजावलं की या वयात आणि एवढ्या साखरेत ते शक्य नाही. दमून घरी आल्या. मी पाणी दिलं तर माझा हात धरून म्हणाल्या, "तुझ्या पोटात काय निघालं म्हनं? दुखतंय का तुला?" मी नाही म्हणाले. मग त्यांनी तोंडाला पदर लावला.

पण खरी गोष्ट पुढे आहे. आज जेवताना आम्रपाली म्हणाली, "माझी टेस्ट कधी करायची?"

मी म्हणाले, "करायची नाही."

"का? माझं वय बसतं. माझा ब्लडग्रुप जुळतो."

"आम्रपाली, नाही म्हणाले ना."

"आजोबांनी हॉस्पिटलात सांगितलं ना, की तू दबावाखाली काही करत नाहीस? मग मी का करू? माझा बाबा आहे तो."

आई ताटावरून उठून गॅलरीत गेल्या. त्यांना नातही हवी आहे आणि मुलगाही, त्यांनी कुणाकडे बघायचं? मी पोरीच्या अंगावर ओरडले. तिने ताट तसंच ठेवलं आणि मैत्रिणीकडे निघून गेली. जाताना म्हणाली, "तुमच्या दोघांच्या लव्ह स्टोरीमध्ये बाबा मेला तर मी कुणालाच माफ करणार नाही."

मी तुझ्याकडे या सगळ्यात काही मागितलं नाही. एवढं मागते. तिला तू सांग. माझं ती ऐकणार नाही. तुझं मत मला विचारायचीही गरज नाही. तू काय म्हणशील ते मला इथे बसून माहीत आहे.

बाकी तू मोकळा आहेस. आता माझं तुझ्यावर काहीही नाही, आणि होणारही नाही. नागपुरात राहायचं तर राहा. हडपसरची खोली अजून मिळत असेल तर घे. मृत दात्याच्या किडनीची वाट बघणाऱ्यांच्या यादीत तुझं नाव पुण्यातच घालायचं की नागपुरात, ते तेवढं लवकर ठरव. त्यात उशीर करू नकोस. माझ्यावर चिडून उशीर करू नकोस.

उत्कर्षा


नागपूर
२९ सप्टेंबर

उत्कर्षा,

मला पत्र लिहिता येत नाही, तुला माहीत आहे. दुकानाच्या पावत्यांपलीकडे मी कधी काही लिहिलं नाही. चुकलं तर समजून घे.

आम्रपालीशी काल फोनवर बोललो. बराच वेळ. ती रडली, मला वाटेल ते बोलली. मी सांगितलं, तुझ्याकडून घ्यायला लागलं तर मी डायलिसिसलाही जाणं बंद करीन. ही धमकी होती. मला दुसरं काही जमलं नाही. ती सध्या गप्प आहे.

तुझं पत्र आलं त्या दिवसाचं सांगतो. दादाने आणून दिलं. मी 'देता येणार नाही' इथपर्यंत वाचलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे तुझ्यापासून लपवत नाही. मग पुढचं वाचलं. मण्यांची माळ. दोन्ही लागणार आहेत. मी ते चार वेळा वाचलं. मग दादाला म्हणालो, चल. तो म्हणाला, आज तुझा डायलिसिसचा दिवस नाही. मी म्हणालो, माझ्यासाठी नाही.

तुझं पत्रच डॉक्टरांना दाखवलं. ते मराठी वाचतात. त्यांनी मलाच प्रश्न विचारले. बाईंना डोकेदुखी आहे का? मी म्हणालो, आहे. सकाळी उठल्यावर, उजव्या बाजूला, आणि त्या दिवशी ती केस बांधत नाही. कानात आवाज येतो का? मी म्हणालो, हो, घरात शांतता असली की ती रेडिओ लावते, कान वाजतो म्हणते. किती वर्षं? मी सांगितलं. ते म्हणाले, हेच दुखणं कधीकधी मानेच्या रक्तवाहिन्यांतही असतं, तिथलंही स्कॅन करून घ्या, टाळू नका. डोकेदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ देऊ नका. बीपी रोज बघा.

बाहेर येऊन मी पहिल्याच बाकावर बसलो. दादाला वाटलं मलाच काहीतरी झालं. उत्कर्षा, माझ्या किडन्या गेल्या हे डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी मी दुकान उघडून दोन मशिनं दुरुस्त केली होती. आता तिथून उठलो नाही. घाम फुटला होता.

तुझ्याबद्दल तसं काही वाटत नाही असं मी म्हणालो ते खोटं नव्हतं. अजूनही तसं काही वाटत नाही. राळेचा वास वगैरे मला आठवत होतं, पण ती दोन वेगळीच पोरं होती. मला वाटायचं, ते गेलं म्हणजे सगळं गेलं, आणि मग राहणं म्हणजे ढोंग. म्हणून खोली बघितली. त्या खोलीत एकदा जाऊन बसलोही होतो. बरं वाटलं नाही, पण मला वाटलं सवय होईल.

आता मला ढोंग कुठलं आणि खरं कुठलं, ते नीट सांगता येत नाही. एवढं कळतं की तुझ्या मानेचं स्कॅन होईल तेव्हा मला बाहेरच्या बाकावर बसायचंय. दुसरं कुणी बसलेलं मला चालणार नाही.

तुझ्याजवळचं काहीच मी घेतलेलं नाही, म्हणून विचारायचं धाडस करतो. मी परत आलो तर चालेल का?

इथे दीक्षाभूमीची गर्दी सुरू झाली आहे. दसऱ्यानंतर तीन-चार दिवस तरी गाडीत जागा मिळणार नाही. तोवर तुझं उत्तर येईल. नाही म्हणालीस तरी स्कॅन करून घे, आणि गोळ्या आजपासून बंद कर. डाव्या कपाटाच्या वरच्या खणात मागे एक पाकीट ठेवलंयस, तेही फेकून दे.

भूषण


येरवडा
४ ऑक्टोबर

भूषण,

गोळ्यांचं पाकीट फेकलं. ते तिथे आहे हे तुला ठाऊक होतं, आणि इतकी वर्षं तू ते बोलला नाहीस, यावर मला स्वतंत्रपणे चिडायचं आहे.

पत्र वाचून मी आनंदाने रडले वगैरे समजू नकोस. मी आईंना वाचून दाखवलं, तुझा खोलीचा भाग सोडून. त्यांनी विचारलं, "मधलं काय गाळलंस?" मी म्हणाले, त्याचं अक्षर लागत नाही. आम्रपालीने ते माझ्या हातातून घेतलं आणि आत नेऊन वाचलं. बाहेर आली आणि म्हणाली, "तो येतोय तर मी स्टेशनवर जाणार नाही." मग थोड्या वेळाने म्हणाली, "गाडी कितीची आहे?"

माझ्या मानेच्या स्कॅनची तारीख घेतली आहे. यादीत नाव पुण्यात घालायचं, मी कुसुम मॅडमशी बोलले. नंबर कधी लागेल ते त्यांनाही सांगता येत नाही. महिने म्हणाल्या, मग म्हणाल्या, वर्षंही. तोवर तू आणि ते मशीन. मला हे आधीच सांगायचं होतं, म्हणजे तू कशात परत येतोयस ते तुला ठाऊक असावं. घरात काही बदललेलं नाही. आपण दोघं तीच आहोत. सिलेंडरवरच बोलू.

ये.

बुधवारी पोचशील असं बघ. गुरुवारी तुझं डायलिसिस लावून ठेवलं आहे. त्या दिवशी तू गळून जातोस, तेव्हा नको. शुक्रवारी मी ऑफिसातून लवकर येते, आईंना शेजारी पाठवते, आणि मग आपण दोघं बसून नीट भांडू.

उत्कर्षा